गावातल्या बायांच्या कविता बाज्यासकट मोबाईलवर रेकॉर्ड करायच्या कशा

मागच्या तीन वर्षांत आम्ही आमच्या बचत गटातल्या बायांच्या वीसेक कविता रेकॉर्ड केल्या, गाणी नव्हे हं, बोलून म्हटलेल्या कविता, अन् मागे हार्मोनियम नाहीतर खंजिरी नाहीतर नुसता सुपाचा आवाज. विषय म्हणाल तर बाईपणाचे, पाळी, सासर, मजुरी, सातबाऱ्यावर नसलेलं नाव, पिशवी काढल्यावरची कंबर, असलं सगळं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात की ताई कसं करता सांगा ना, माईक कोणता, ॲप कोणतं, अन् दरवेळी अर्धा तास जातो म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच काढावं. मी काही साऊंडवाली नाही, गटाचे हिशोब लिहिते. भाची पॉलिटेक्निकला आहे, अर्धं तिच्याकडून शिकले अन् अर्धं चुका करून. गाव यवतमाळ जिल्ह्यात, कापूस-सोयाबीनचं, त्यामुळे पुढे जे लिहिते ते आपल्याकडच्या घरांचं अन् आपल्याकडच्या दिवसांचं आहे.

पहिले क्रम समजून घ्या, कारण जवळजवळ सगळे जण उलटं करतात अन् आम्हीही केलं होतं. नेटवरून एक रडका पियानो उतरवला, स्पीकरवर लावला अन् बाईला म्हटलं आता म्हणा. ती बिचारी पियानोच्या मागे धावायला लागली, जिथं थांबायचं तिथं थांबेना, जिथं राग यायला पाहिजे तिथं गळा भरून आणला. तिच्या शेजारणीनं ऐकलं अन् एवढंच म्हणाली, "हे त टीव्हीतल्या सुनेवानी बोलू रायली व." ते फेकलं आम्ही. आता आधी नुसता बोल रेकॉर्ड करतो, कोणताही बाजा न लावता, अन् तो पक्का झाला की मग त्याच्या चालीनं मागचं संगीत बसवतो. वेळ दुप्पट लागते पण बाई स्वतःसारखी बोलते.

अन् हे काही शहरातून आलेलं फॅड आहे असं कोणी म्हटलं तर त्याला रिद्धपूरला पाठवा, अमरावती जिल्ह्यातच आहे. तेराव्या शतकात महदंबेनं तिथं महानुभाव पंथातल्या गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या निमित्तानं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचले, मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आजही तिचंच नाव घेतात. म्हणजे आपल्या भाषेतली बाईची पहिली कविता लग्नाच्या मांडवासाठी, तोंडानं म्हणायसाठी झालेली. जात्यावरच्या ओव्यांचं तर विचारूच नका, हेमा राईरकर अन् गी पॉयत्वाँ या अभ्यासकांच्या कामातून महाराष्ट्रातल्या गावागावांतल्या लाखावर ओव्या गोळा झाल्या, त्यातल्या बऱ्याच आता 'पारी' या खेड्यापाड्यांवरच्या साईटवर ऐकायला मिळतात. काम सुरू करायच्या आधी एक संध्याकाळ काढून त्या ऐकाच. बाई कुठं श्वास घेते, शेवटचा शब्द कसा लांबवते, कुठं 'बाई' नाहीतर 'सांगते' घालून जागा भरते, हे कानात बसलं की पुढचं निम्मं काम सोपं होते.

आता कविता आणायची कुठून. 'स्त्रीत्वावर काहीतरी म्हणा' असं सांगितलं की दोनच गोष्टी होतात, एक तर बाया पदराला हात लावून गप्प बसतात नाहीतर शाळेतल्या भाषणासारखं 'क्षणाची पत्नी अनंत काळची माता' सुरू होते. म्हणून विषय देऊच नका, प्रश्न विचारा अन् तोही बारीक. पहिल्यांदा बाहेर बसवलं तेव्हा कोणत्या खोलीत, पांघरायला काय दिलं? कापूस वेचायला जाताना लहान लेकरू कोणाजवळ ठेवलं? माहेरच्या नावानं आता कोण हाक मारते? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या एका बाईनं सांगितलं, "माय मेली तवापासून त्या नावानं कोनीच बलावलं नाई," अन् झालं, तिथूनच कविता सुरू झाली, पुढे आम्हाला काहीच करावं लागलं नाही. नावाचाच विषय निघाला तर, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या कागदावर आपल्या राज्यात आईचं नाव लावावं लागते, ते ऐकून आमच्यातली एक आजी बसल्या बसल्या म्हणाली:

नातीच्या कागदावर तिच्या मायचं नाव,
माया कागदावर नुसतं सासरचं गाव.

('माया' म्हणजे माझ्या.) असं काही पडलं की लगेच पकडायचं. त्यासाठी गप्पा चालू असतानाच, आधी विचारून, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून मधे ठेवायचा अन् वीस-पंचवीस मिनिटं विसरून जायचा. घरी आल्यावर ऐकून जसंच्या तसं लिहायचं. यात आपल्या सारख्या चार बुकं शिकलेल्या बायांकडून एक मोठी चूक होते, हात आपोआप शुद्ध लिहायला जातो. वऱ्हाडीत ळ चा य होते हे तुम्हाला सांगायला नको, डोळे म्हणजे डोये, जळाली म्हणजे जयली. एका बाईची ओळ अशी होती:

चुलीमंदी जाय, चुलीपुढं माय,
लाकडं त मोजले, माय जयली त काय?

मी वहीत 'चुलीमध्ये जाळ' लिहून मोकळी झाले अन् दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवलं तर ती म्हणे, हे माझं नाहीच. खरंच नव्हतं. जाळ लिहिलं की माय शी यमक तुटलं, काय शी तुटलं, सगळी ओळच लंगडी झाली. तेव्हापासून नियम केला की बोली सुधारायची नाही, शब्द बदलायचा तर बाईनंच बदलायचा. आपलं काम फक्त निवडायचं, सांगितलेल्या वीस मिनिटांतून दोन-अडीच मिनिटं. त्याहून लांब कविता पहिल्या वेळी घेऊ नका, म्हणणारीही दमते अन् ऐकणारीही.

माईककडे जायच्या आधी परवानगीचं बोलू, कारण याच्यात आमच्याकडून एकदा मोठा घोटाळा झाला. दुसऱ्याच वर्षी एका बाईनं सासूवर कविता केली, नाव घेतलं नव्हतं, पण गाव केवढंसं, आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. मी ती फक्त आमच्या छोट्या ग्रुपवर टाकली, बायांना ऐकवायला म्हणून, तिथून कोणीतरी पुढे ढकलली अन् रात्रीच्या भाकरी व्हायच्या आत ती तिच्या दिराच्या मोबाईलवर वाजत होती. मी ग्रुपवरून डिलीट केली पण पुढे गेलेली थोडीच परत येते. ती बाई महिनाभर मिटिंगला आली नाही. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, टाकली मीच.

म्हणून आता असं करतो. परवानगी गटात विचारायची नाही, एकटीला विचारायची, कारण चारचौघींत कोणी नाही म्हणत नाही. कुठं वाजणार ते ठिकाणाचं नाव घेऊन सांगायचं, फक्त हळदीकुंकवाला की यूट्यूबवर की व्हॉट्सॲपवर, तीन वेगळ्या गोष्टी आहेत अन् तिन्हींना वेगळं हो पाहिजे. तिचं नाव द्यायचं का, अन् गावाचं द्यायचं का, हे तिनं ठरवायचं. तयार झालेलं पहिलं तिनंच ऐकायचं, इअरफोन लावून, स्पीकरवर नाही, घरात सासरा बसलेला असतो. त्यानंतर आठ दिवस थांबून परत विचारायचं, अन् त्या दिवशी ती नको म्हणाली तर नको, किती का मेहनत गेलेली असेना. अठराच्या आतली पोरगी असेल तर आईवडिलांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, अन् पाळीसारख्या विषयावर पोरीची कविता असेल तर आम्ही ती मोठ्या बाईच्या आवाजात घेतो. आवाज ओळखू येण्याची भीती असेल तरीही हाच उपाय, एकीची कविता दुसरीनं म्हणायची, किंवा चार जणींनी एक-एक ओळ वाटून घ्यायची म्हणजे कोणती ओळ कोणाची ते कळतच नाही. हा वाटून घ्यायचा प्रकार तर भीती नसतानाही फार छान लागतो, करून पाहा.

अजून एक. प्रश्न विचारता विचारता कधी असं निघते की मारहाण आत्ताही चालू आहे. तेव्हा कविता बाजूला, मोबाईल बंद, अन् त्या बाईला १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर द्या, जीवावरचं असेल तर ११२. रेकॉर्डिंग काय, पुढच्या वर्षी होईल.

जागेचं आता. शहरात लोक भिंतींना फोम लावतात म्हणे. आपल्याकडे दिवाळीपासून पुढे भाव वाढायची वाट पाहात ज्या घरात खोलीभर कापूस पडून असतो, त्या खोलीसारखा स्टुडिओ नाही. खरंच सांगते, कापसाच्या ढिगासमोर उभं राहून टाळी वाजवा, आवाज तिथल्या तिथं विरतो, जरासाही घुमत नाही. फक्त ढिगावर बसू नका, अंगाला खाज सुटते, अन् धूळ असते म्हणून दम लागणाऱ्या बाईला त्या खोलीत नेऊ नका. कापूस विकला गेला की मग दुसरा जुगाड, दोन खाटा उभ्या करायच्या, त्यावर घरातल्या सगळ्या वाकळा, रजया टाकायच्या अन् मधे बाई. मातीच्या भिंतीचं, कवेलूचं जुनं घर मिळालं तर सोन्याहून पिवळं. टिनाच्या खाली मात्र घेऊ नका, ऊन तापलं की टिन तडतड वाजते अन् वरून चिमणी चालली तरी येते. स्लॅबची रिकामी खोली तर सगळ्यात वाईट, आवाज बादलीत बोलल्यासारखा येतो.

वेळेचं गणित बायांच्या कामावरून लागते, आपल्या सोयीवरून नाही. वेचणीच्या दिवसांत कोणाला विचारूसुद्धा नका. आमचं जमतं ते दुपारी दीड ते साडेतीन, नाहीतर रात्री नऊनंतर. उन्हाळ्यात कूलर-पंखा बंद केल्याशिवाय काही होत नाही अन् पारा ४५ वर गेलेला असतो, त्यामुळे एका वेळी पाच मिनिटं बंद, मग दहा मिनिटं चालू, असं करत करत घ्यायचं. अन् लाईन गेली की चिडू नका, उठून कामाला लागा. पंखे बंद, चक्की बंद, शेजारचा टीव्ही बंद, अख्खं गाव गप्प होते. आमची सगळ्यात चांगली तीन रेकॉर्डिंगं लाईन गेलेली असतानाची आहेत.

सामान फार लागत नाही. मोबाईल बरा असेल अन् वायरचा कॉलर माईक असेल तर पुष्कळ झालं, हजाराच्या आत येतो. तोही नसेल तर मोबाईल तोंडापासून एक वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, गालाच्या रेषेत धरायचा, अगदी तोंडासमोर नाही, कारण भ, फ, प आले की फुंकर बसते, अन् आपल्या कवितांत भाकर, फाटकं, पाऊस, पऱ्हाटी यांच्याशिवाय असते काय. मधे पातळ ओढणीचा एक पदर ताणून धरला तरी फुंकर अडते. मोबाईल आधी एअरप्लेन मोडवर टाका, ऐन ओळीत कोणाचा तरी फोन येतोच. रेकॉर्डिंगच्या ॲपमधे जाऊन सेटिंग पाहा, वेव्ह (WAV) फाईल मिळत असेल तर तीच घ्या, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. 'नॉइज कमी करा' असं काही चालू असेल तर बंद करा, ते ॲप बाईचा श्वासही कचरा समजून खाते. आवाजाची काठी सगळ्यात जोरात ओळीलाही वजा ६ डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही, एकदा आवाज फाटला की तो कोणत्याच ॲपनं शिवता येत नाही. कमी आलेला वाढवता येते. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर तर रेकॉर्ड करूच नका, तिथं आवाज दाबून लहान केलेला असतो. फाईल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सुरू करायच्या आधी सगळ्यांनी दहा सेकंद गप्प राहायचं अन् तेही रेकॉर्ड करायचं. ही खोलीची शांतता नंतर लागते, सांगते पुढे.

बांगड्या काढायला सांगायचं हे ऐकायला सोपं वाटते, पण सवाशीण बाई हातातल्या काढत नाही, अन् आपण तसं म्हणूही नये. हातभर रुमाल गुंडाळायचा, झालं. कागद हातात द्यायचा नाही, एक तर तो खरखर वाजतो अन् वाचणारी बाई वाचल्यासारखीच बोलते. पाठ होईस्तोवर थांबा. समोर तिची मैत्रीण बसवा अन् तिला सांग म्हणा, माईकला नको, हिला सांग. आपण समोर मोबाईल घेऊन मान डोलवत बसलो की बाई आपल्याला खूश करायला लागते, म्हणून आपण मागे बसायचं. आम्ही तीनदा घेतो. पहिल्यांदा घाई असते, तिसऱ्यांदा नाटक येते, बहुतेक वेळा दुसरंच राहते. मधे शब्द चुकला तर थांबवू नका, तीच ओळ परत म्हणा म्हणा अन् पुढे जाऊ द्या, जोडता येते. रडू आलं तर रेकॉर्डिंग बंद करा आधी, मग पाणी द्या. ते रडणं ठेवायचं की नाही हे तिला नंतर विचारा. आमच्याकडे आतापर्यंत एकीनंच ठेवा म्हटलं.

आता बाजा. इथं मन लावून वाचा.

बोल तयार आहे, आता तो मोबाईलवर लावून हार्मोनियम घेऊन बसायचं. बाई ओळ संपवताना आवाज जिथं खाली टेकवते तो सूर पट्ट्या दाबत शोधायचा. गाताना बाया वरच्या सुरात जातात म्हणून लोक तिथंच शोधत बसतात, पण बोलायचा सूर बराच खाली असतो, साधारण २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे हार्मोनियमच्या डाव्या हाताला, मंद्रात सापडतो. तो मिळाला की त्याला सा धरायचं, अन् सा अन् प एवढंच भात्यावर हळू धरून ठेवायचं, कवितेखाली दुसरं काही नाही. गंधार, म्हणजे ग, लावू नका. कोमल लावला की लगेच रडकं होते, शुद्ध लावला की लग्नाचं होते, अन् ऐकणाऱ्यानं रडायचं की हसायचं हे आपण आधीच सांगून टाकतो. सा-प काहीच सांगत नाही, म्हणून बोल मोकळा राहतो. चाल वाजवायची असेल तर दोन कडव्यांच्या मधे, ती गप्प असताना. हार्मोनियम नसेल तर तानपुऱ्याचं ॲप फुकट मिळते, सूर तसाच लावायचा.

ठेका सगळ्या कवितांना लागत नाही. मोकळी, गोष्टीसारखी कविता असेल तर ठेका तिच्या गळ्यात दोरी बांधल्यासारखा होतो, तिथं नुसता सूर पुरे. पण बाई म्हणताना मांडीवर हात मारत असेल, मान हलवत असेल, तर ठेका तिच्यातच आहे, तोच घ्या. आमच्या अनुभवात पाळण्याच्या, जात्याच्या वळणाची कविता सहा मात्रांच्या दादऱ्यात बसते अन् ठसक्याची, भांडणाची आठ मात्रांच्या केहरव्यात. खंजिरी आपल्याकडे शोधायला लागत नाही, तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे कोणत्याही गावात एक तरी सापडते अन् वाजवणारी बाईही असते, महिला भजनी मंडळं काय कमी आहेत. फक्त खंजिरी फार जोरात बोलते, तिला बोलासोबत एका खोलीत घेऊ नका. वाजवणारीच्या कानात इअरफोनवर बोल लावायचा अन् ती ऐकत ऐकत दुसऱ्या मोबाईलवर वेगळी रेकॉर्ड करायची. इअरफोन वायरचेच पाहिजेत, ब्लूटूथमधे आवाज उशिरा पोचतो अन् सगळा ठेका मागे पडतो, आमचा एक अख्खा दिवस यात गेला अन् आम्ही वाजवणारीला दोष देत बसलो. दोन मोबाईल एकाच वेळी चालू असतील तर सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही फाईली त्या टाळीवर जुळवायच्या.

बोलणाऱ्या बाईच्या मागे मंडळ गातंय हे मला सगळ्यात आवडते. अमेरिकेत निकी जिओव्हानी नावाच्या काळ्या कवयित्रीनं १९७१ साली असंच केलं होतं, ती आपल्या कविता नुसत्या बोलली अन् मागे चर्चमधल्या भजनांची गाणारी मंडळी. भाचीनं ऐकवलं तेव्हा मला शब्द निम्मेही कळले नाहीत, पण मनात आलं, अरे हे तर आपल्याकडे दर गुरुवारच्या भजनाला उपलब्ध आहे. आम्ही मंडळातल्या सहा जणींना शब्द न देता फक्त 'ओ बाई' एवढंच दिलं, दर चौथ्या ओळीनंतर, अन् तेही लांबून, अंगणातून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. भुलाबाईची चालही अशी मागे घेता येते, माहेरावरच्या कवितेला ती फार लागू पडते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज म्हणतच असतात, तेव्हाच टिपऱ्यांसकट रेकॉर्ड करून ठेवायची.

अन् घरातले आवाज विसरू नका. सुपात ज्वारी पाखडल्याचा, पऱ्हाट्या मोडल्याचा, वरवंट्याचा, मघाशी रुमालात बांधलेल्या बांगड्यांचा. प्रत्येक आवाज एक-एक मिनिट वेगळा घ्या, त्यातले चार-आठ ठोके बरोबर कापून परत परत लावा, झाला ठेका. सुपाचा ठेका तर विकतच्या कोणत्याही बीटपेक्षा गोड लागतो. एकदा चुलीवर भाकर थापटल्याचा आवाज एका मजुरीच्या कवितेला मागे लावला, बायांनी लगेच ओळखलं अन् हसल्या, अन् दोन ओळींनंतर हसणं थांबलं. पण एका कवितेत एकच असा आवाज, सगळेच घुसवले तर कृषी प्रदर्शन होते.

जोडकाम कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटीवर, फुकट आहे. नुसता मोबाईल असेल तर बँडलॅब चालते. बोलाची पट्टी वर, सुराची खाली, ठेक्याची त्याखाली. ती सुरुवातीची दहा सेकंदांची शांतता ऑडॅसिटीला दाखवायची, हा कचरा आहे म्हणून, अन् मग पूर्ण बोलावर नॉइज रिडक्शन लावायचं, पण ६ ते ९ डेसिबलच, जास्त लावलं की बाई पाण्यातून बोलल्यासारखी येते. चुकीची ओळ कापून जोडताना सांध्यावर तीच शांतता थोडी पेरायची म्हणजे टाका दिसत नाही. ८० हर्ट्झच्या खालचं हाय-पास नावाच्या फिल्टरनं काढून टाका, तिथं बाईचा आवाज नसतोच, ट्रॅक्टर असतो. श्वास मात्र काढू नका. भाचीनं एकदा सगळे श्वास साफ केले होते, ऐकल्यावर बाई मेलेली वाटली, देवा शप्पथ.

बाजा बोलापेक्षा १२ ते १५ डेसिबल खाली ठेवा. ऐकताना वाटते की फारच बारीक झाला, तरी ठेवा. शब्दांची धार २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते, तिथं हार्मोनियम थोडा कापला तर बोल आपोआप पुढे येतो, आवाज वाढवायची गरज पडत नाही. घुमारा लावायचा मोह सगळ्यांनाच होते, एक चिमूट लावा, देवळातल्यासारखा नको. झालं की चांगल्या हेडफोनवर नाही, घरातल्या सगळ्यात स्वस्त मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, कारण बाया तिथंच ऐकणार आहेत. अशा स्पीकरवर ढोलकीचा खालचा आवाज येतच नाही, ठेका गायब झाला असेल तर खंजिरीची झांज थोडी वाढवा. अन् एखाद्या अशा बाईला ऐकवा जिनं कविता आधी ऐकलेली नाही. तिनं एका जागी जरी "काय म्हनलं?" विचारलं तर बाजा अजून खाली.

सिनेमाच्या गाण्याचा कराओके मागे लावू नका. यूट्यूब लगेच ओळखते अन् कॉपीराइटचा दावा लागतो. आपल्याकडच्या कायद्यानं, १९५७ च्या, कवी किंवा संगीतकार गेल्यावर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे १९६८ ला गेलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांचाही हिशोब २०२८ संपेपर्यंत जातो, वापरायची तर विचारून वापरा. भुलाबाईची, जात्यावरची पारंपरिक चाल कोणाच्या मालकीची नाही, पण दुसऱ्यानं केलेलं तिचं रेकॉर्डिंग उचलायचं नाही, आपण आपलं गायचं. कविता ज्या बाईनं रचली तिचीच, आपण फक्त लिहून घेतली, म्हणून तिनं नाव द्या म्हटलं असेल तर खाली 'कवयित्री' म्हणून तिचं नाव अन् खंजिरीवालीचंही. आपलं नाव शेवटी. यूट्यूबवर फोटो लागतो तिथं चेहऱ्याऐवजी हात, सूप, वावर असं काही टाका, अन् कविता खाली पूर्ण लिहा, वऱ्हाडीतच, पुण्याकडच्या लोकांना एखादा शब्द अडला तर अडू द्या.

ऐकवायला आमच्याकडे सगळ्यात चांगली वेळ संक्रांत ते रथसप्तमीचं हळदीकुंकू. एक ब्लूटूथ स्पीकर, दोनच कविता, अन् दोन कवितांच्या मधे मुद्दाम दहा मिनिटं गप्पांना सोडायची. त्या गप्पांत पुढच्या वर्षीच्या कविता असतात, तेव्हा मोबाईल चार्ज करून न्या अन् परवानगी विचारून मधे ठेवा.

शेवटचं, फाईली सांभाळा. मोबाईल विहिरीत पडतो, लेकरू फॉरमॅट मारते. मूळ बोल, बाजा अन् तयार झालेलं असं तिन्ही वेगळं एका पेनड्राइव्हवर, अन् दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर. फाईलच्या नावात तारीख अन् कवितेची पहिली ओळ टाका, बाईचं नाव नको, पेनड्राइव्ह कोणाच्याही हातात जातो. अन् जिची कविता तिला तिची प्रत द्या. स्वतःचा मोबाईल नसेल तर मेमरी कार्डात घालून द्या, आमच्या त्या नाववाल्या आजीनं कार्ड कुंकवाच्या डबीत ठेवलंय अन् नात सुट्टीला आली की तिच्या मोबाईलमधे घालून ऐकते.